अपक्षाची वाट : अर्ज सोपा, चिन्ह पोहोचविणे अवघड

सेनगाव तालुक्यातील पुसेगावचा मतदार लोकसभेसाठी हिंगोली मतदारसंघात मतदान करतो. हिंगोली, कळमनुरी, वसमत, नांदेड जिल्ह्यातील किनवट व हदगाव आणि यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. तीन जिल्ह्यांत पसरलेल्या अशा मतदारसंघात अपक्षाची खरी कसोटी अर्ज भरल्यानंतरच लागते.

कायद्याच्या अटी फारशा जाचक नाहीत. वय किमान २५ वर्षे असावे आणि मतदारयादीत नाव असावे. अनामत रक्कम २५ हजार रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती निम्मी आहे. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास पराभूत उमेदवाराची अनामत जप्त होते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो. अपक्षास मात्र मतदारसंघातील दहा मतदार सूचक म्हणून लागतात.

मोठी अडचण चिन्हाची असते. पक्षाचे चिन्ह मतदाराला बहुधा आधीपासून ठाऊक असते. अपक्षाला मात्र मुक्त चिन्हांतून पसंती कळवावी लागते आणि माघारीची मुदत संपल्यावरच चिन्ह हाती पडते. त्यानंतर मतदानापर्यंत किमान १४ दिवसांचे अंतर कायद्याने ठेवले असले, तरी मतदान संपण्यापूर्वी ४८ तास जाहीर प्रचार थांबतो. एवढ्या अवधीत नवे चिन्ह पुसेगावपासून तेलंगणाच्या सीमेवरील किनवटपर्यंत पोहोचवायचे असते.

म्हणूनच विजयी अपक्ष बहुधा पूर्वीपासून जनसंपर्क असलेले असतात. कोल्हापुरात २००९ मध्ये राष्ट्रवादीने उमेदवारी नाकारलेले विद्यमान खासदार सदाशिवराव मंडलिक निवडून आले. अमरावतीत २०१९ मध्ये नवनीत राणा यांना काँग्रेस-राष्ट्रवादीचा पाठिंबा होता. सांगलीत २०२४ मध्ये वसंतदादा पाटील यांचे नातू विशाल पाटील 'लिफाफा' चिन्हावर एक लाखाहून अधिक मतांनी विजयी झाले. त्या वर्षी देशभरात केवळ सात अपक्ष लोकसभेत पोहोचले.

विजयानंतरही बंधन सुटत नाही. अपक्ष खासदाराने पक्षात प्रवेश केल्यास पक्षांतरबंदी कायद्यानुसार तो अपात्र ठरू शकतो. बाहेरून पाठिंबा देण्याची मात्र त्याला मुभा असते. त्यामुळे अपक्षाला मत देणाऱ्या मतदाराने त्याच्या जाहीरनाम्याबरोबरच, निवडून आल्यावर तो कोणाच्या बाजूने उभा राहणार, हेही प्रचारातच विचारून घेणे हिताचे ठरते.