काळं जाऊन पिवळं येईपर्यंत

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी नियमाने संपली. शेवटच्या गाडीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे तारीख आधीच ठरलेली होती. वर्तमानपत्रांनी काळ्या-पिवळ्या रंगाबद्दल, टपावरच्या कॅरिअरबद्दल, स्टेअरिंगला चिकटलेल्या गिअरच्या दांड्याबद्दल गहिवरून लिहिलं. गाडीच्या पोटाखाली काय होतं, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तिथे निपल होती. तिथे ग्रीस भरायचं असे, आणि ते गाडीचा मालक रविवारी सकाळी दारातच भरू शकत असे.

मला हे सगळं आठवलं ते गहिवरामुळे नव्हे, बिलामुळे. माझ्या हल्लीच्या गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं की कटकट आवाज येऊ लागला. सर्व्हिस सेंटरच्या टाय लावलेल्या तरुणाने निदान केलं, बॉल जॉइंट गेला. मग तेवढा बदला, म्हटलं. तो म्हणाला, ‘‘सर, तो सुटा येत नाही. पूर्ण लोअर आर्म येतो. आणि एका बाजूचा घेताय तर दुसऱ्याही बाजूचा घेतलेला बरा.’’ खराब झाला होता सुपारीएवढा गोळा आणि मी पैसे मोजले दोन अख्ख्या लोखंडी आर्मचे. त्याच सुमारास आमच्या सोसायटीने नोटीस लावली की पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करू नये, फरशीवर डाग पडतात. म्हणजे गाडी माझी, जागा माझी, पण तिच्याखाली शिरायला आता मला बंदी.

या निपलचा सुरुवातीचा इतिहास थोडक्यात उरकतो, कारण त्यात माझं मन रमत नाही. मोटारी आल्या तेव्हा सांध्यांना ग्रीसच्या वाट्या असत; त्यांचं झाकण पिळलं की ग्रीस आत उतरे. मग ऑस्कर झर्क नावाच्या माणसाने आजचं चेंडूवालं निपल आणलं. आत एक बारीक गोळी, तिच्यामागे स्प्रिंग. ग्रीस गनचा दाब आला की गोळी मागे सरते, दाब गेला की भोक बंद. यंत्रशास्त्रात इतक्या कमी पैशांत इतकं काम करणारी वस्तू विरळाच. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट (तीच पुढे पद्मिनी) निघत होती, उत्तरपाड्याहून अॅम्बॅसडर येत होती, आणि खेड्यापाड्यात महिंद्राची जीप धावत होती. तिघींच्याही पोटाखाली निपल. चाळीस-पन्नास वर्षं हे असंच चाललं. लिहिण्यासारखं त्यात फार नाही.

लिहायचं ते १९८०च्या दशकाबद्दल. नवी गाडी नोंदवली की वर्षानुवर्षं वाट पाहायची, त्यामुळे आमच्या वडिलांनी जुनी पद्मिनी घेतली. आधीच्या मालकाने ती धुतली, पुसली, तिच्यावर गणपतीचं चित्र चिकटवलं, पण खाली कधी वाकून पाहिलं नव्हतं. स्टेअरिंग दगडासारखं जड. गल्लीतल्या मिस्त्रीने जॅक लावला, चाक हाताने हलवलं आणि निकाल दिला, ‘‘किंगपिन कोरडी पडलीय, साहेब. तिला खायला घाला.’’ किंगपिन म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खुंटी. त्या दिवशी घरात ग्रीस गन आली.

काम सोपं होतं, पण त्याची शिस्त होती. आधी निपल चिंधीने लख्ख पुसायचं, नाहीतर बाहेरची माती तुम्हीच दाबाने आत ढकलता. चाक जमिनीवर असताना ग्रीस भरण्यात अर्थ नाही. ज्या बाजूवर गाडीचं ओझं आहे तिथे बुश आणि पिन एकमेकांना घट्ट टेकलेले असतात, तिथे ग्रीसला वाटच नसते. म्हणून जॅक लावून चाक उचलायचं, जॅकच्या जोडीला ठोकळा द्यायचा, आणि एकाने पंप मारताना दुसऱ्याने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. तो दुसरा मी. मिस्त्रीचा मंत्र एकच होता: ‘‘काळं जाऊन पिवळं येईपर्यंत मारत राहा.’’ सांध्यातून आधी काळं, वाळू मिसळलेलं जुनं ग्रीस बाहेर येई, मग करडं, मग स्वच्छ. त्या काळ्या ग्रीसमध्ये धातूची चमक दिसली की बुश झिजतोय हे कळे. गंजाची लाली दिसली की पाणी शिरलंय. गाडी काय म्हणतेय हे वाचायला स्कॅनर लागत नव्हता, बोट पुरत होतं.

निपल तुंबलं असेल तर ते पान्ह्याने काढून रॉकेलमध्ये बुडवायचं. रॉकेल रेशनवर मिळायचं. त्यातलं वाटीभर मागितलं की आईचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. तरी गेलंच, तर बाजारात नवं निपल चिल्लरमध्ये मिळे, सरळ किंवा वाकडं, हवं तसं. गावी काकांची जीप होती, तिला तर पाट्यांच्या शॅकलपासून टायरॉडपर्यंत आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसपर्यंत जागोजागी निपल. ओढ्यातून गाडी गेली की काका त्याच संध्याकाळी गन काढत. पाणी सांध्यात राहिलं तर रात्रभरात गंज धरतो आणि नवं ग्रीस ते पाणी बाहेर ढकलतं, हे त्यांना कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

ग्रीसही कुठलंही चालत नसे. चासीला चुन्याच्या साबणाचं, म्हणजे कॅल्शियमचं ग्रीस. ते पाण्याला दाद देत नाही पण उष्णतेत पातळ होतं, म्हणून चाकाच्या बेअरिंगला नको. बेअरिंगला सोडियमचं, ते उष्णता सोसतं पण पाण्यात विरघळतं. दोन्ही गुण एकत्र असलेलं लिथियम ग्रीस हळूहळू सगळीकडे आलं आणि दोन डब्यांचा एक डबा झाला. हे सगळं ज्ञान आमच्या गल्लीत बँकेतल्या कारकुनालाही होतं.

त्या दशकातला एक हिशेब अजून चुकता करायचा आहे. पेट्रोल पंपावरचं ‘वॉशिंग-ग्रीसिंग’. गाडी रॅम्पवर चढवायची, जोराच्या फवाऱ्याने चिखल उडवायचा आणि मग खालून सगळीकडे डिझेल मिसळलेल्या जुन्या ऑईलचा तुषार मारायचा, की गाडी काळीभोर चमकते आणि मालक खूश. त्या तेलाने रबरी बुश फुगून सडत. निपलला गन लागलीच तर एक दाब, तोही चाकं रॅम्पवर टेकलेली असताना. बिलात मात्र ग्रीसिंग वेगळं लावलेलं. वडील बोट फिरवून पाहत आणि पैसे कापून देत, त्यावरून दरवेळी वाद होई. आज मला वाटतं, लोकांचा ग्रीसिंगवरचा विश्वास उडाला तो या कामचुकारपणामुळे. पुढे ‘ग्रीस लागतच नाही’ असं सांगणारी गाडी आली तेव्हा लोक धावत गेले ते उगाच नव्हे.

ती गाडी डिसेंबर १९८३ मध्ये आली. मारुती ८०० ने किंगपिन मोडीत काढली. बॉल जॉइंट आला, त्यात कारखान्यातच ग्रीस भरलेलं, वर रबरी बूट, आणि निपल नाही. मारुतीवाले शेजारी आम्हाला रविवारी गाडीखाली पाहून हसत. त्यांचं हसणं चूक नव्हतं, हे मान्य करतो. बहुतेक मालक ग्रीस भरतच नसत. हजार-दोन हजार किलोमीटरला गन हातात घेणारे थोडेच. बाकीच्यांच्या गाड्यांच्या किंगपिन अकाली झिजत, टायर एका कडेने खाल्ले जात. बंद सांधा अशा निष्काळजी माणसाला सांभाळून घेतो, आणि बूट शाबूत असेतो वर्षानुवर्षं टिकतो.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली आणि सांगण्यासारखी नाहीत. पद्मिनी बंद झाली, २०१४ मध्ये अॅम्बॅसडरही. माझं भांडण बंद सांध्याशी नाहीच. आधी निपल गेलं, ते ठीक. मग अनेक गाड्यांचा बॉल जॉइंट आर्ममध्येच दाबून बसवला गेला आणि सुटा मिळेनासा झाला, तिथे माझं बिनसलं. पहिल्या बदलात मालकाचे कष्ट वाचले. दुसऱ्यात कंपनीचा भाग जास्त किमतीला खपला आणि मालकाला त्याची सोय म्हणून गळ्यात मारला गेला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही उघडलं. त्यात मोटारींचं क्षेत्र आहे, शेतीची अवजारं आहेत. कागद चांगला आहे. काउंटरवरच्या त्या तरुणापर्यंत तो अजून पोचलेला नाही. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला मात्र आजही निपल आहेत, ट्रकलाही, कारण जिथे गाडी उभी राहिली की रोजगार बुडतो तिथे मालकाला कुणी फार काळ बनवू शकत नाही.

म्हणून वाचकाला एवढंच सांगतो. पावसाळ्याआधी आणि नंतर गाडी लिफ्टवर घ्यायला लावा आणि स्वतः खाली उभे राहून बॉल जॉइंटचा बूट पाहा. चिरलेला दिसला आणि वेळेत दिसला, तर काही गाड्यांना नुसता बूट बदलून भागतं. पाणी आत गेल्यावर सांधाच जातो. अख्खा आर्म सांगितला तर सुटा भाग का नाही, हे लेखी विचारा, आणि काढलेला जुना भाग घरी घेऊन या. त्याचे पैसे तुम्ही दिलेत, तो तुमचाच आहे.