सेल मारला होता का?

सर्व्हेअरांनी बॉनेट उघडलं आणि बाकी कशालाही हात न लावता एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या. आतला कागदी फिल्टर उचलून दोन बोटांत दाबला. गढूळ पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मग मालकाकडं न पाहताच त्यांनी विचारलं, "बंद पडल्यावर परत सेल मारला होता का?"

"मारला की, सर. दोन-तीनदा. कुणीही मारेल."

"हं," म्हणून त्यांनी वहीत एक ओळ लिहिली.

मालक माझ्या ओळखीचा, कोथरूडचा तरुण. जुलैतल्या रविवारी नाणेघाट बघायला आला, परतताना घाटघरच्या अलीकडं फरशीवरून ओढा वाहत होता. पुढची जीप गेली म्हणून यानंही घातली. जीप उंच होती, ही हॅचबॅक. मधोमध गचका देऊन गाडी गप्प झाली. गावातल्या पोरांनी दोर लावून ट्रॅक्टरनं ती बाहेर ओढली आणि एका घराच्या पडवीलगत उभी केली. मी त्याच्यासोबत परत तिथं गेले, कारण माझ्याही गाडीची पॉलिसी संपत आली होती. मोबाइलवर तीन कोटेशनं पडून होती आणि त्यांतलं सगळ्यात स्वस्त याच्याच कंपनीचं होतं. कंपनी पारखायची तर क्लेमच्या वेळी पारखावी, असं वाटलं.

जुन्नर सोडलं की माणिकडोह धरणाचं पाणी लागतं, मग आपटाळे, चावंड, कुकडेश्वराच्या देवळाचं पूर, आणि जीवधनच्या पायथ्याशी घाटघर. खाचरांत भाताची लावणी चालू होती. गाडीशेजारच्या घरातल्या मावशींनी आम्हाला पडवीत बसवलं आणि म्हणाल्या, "दर शनिवार-रविवारी एखादी तरी अडकतीच." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ट्रॅक्टरवाल्याला चार पैसे मिळतात.

सर्व्हेअर नारायणगावहून आले होते. नुकसान पन्नास हजारांच्या वर जाणार असेल तर परवानाधारक सर्व्हेअरची पाहणी लागते. एरवी ती गॅरेजमध्ये होते, पण ही गाडी अजून गॅरेजपर्यंत पोचलीच नव्हती. पन्नाशीचा माणूस, रेनकोटाच्या आत शर्टाच्या खिशाला दोन पेनं. चासी नंबर, इंजिन नंबर, किलोमीटर, आरसी, लायसन्स हे सगळं झटपट झालं. मग त्यांनी दारं उघडली आणि वास आला. भिजलेलं कार्पेट, खाचराचा चिखल आणि त्यात कुठंतरी जळकट तेल. तो वास मला पुण्यात परतल्यावरही आठवत राहिला. त्यांना त्याचं काही नव्हतं. सीटच्या रुळावर, दाराच्या आतल्या पुठ्ठ्यावर पाण्याची रेघ कुठवर आली ते ते बोटानं दाखवत होते आणि फोटो काढत होते. फोटो अपलोड करायला मात्र रेंज नव्हती. कंपनीच्या जाहिरातीत मुलगी हसत हसत मोबाइलवरून क्लेम टाकते. ती इकडं आली नसावी.

एअर फिल्टरवर एवढा जोर का, ते त्यांनी मला समजावून सांगितलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी तशीच ठेवली, टोचन करून नेली, प्लग काढून सिलिंडर कोरडे केले, तर इंजिन बहुतेकदा वाचतं. सेल मारला की पिस्टन वर यायला बघतो, पाणी त्याला येऊ देत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्याच्या भाषेत पाणी शिरणं हा अपघात, पण त्यानंतर सेल मारून झालेलं नुकसान ही मालकाची करणी. साध्या पॉलिसीत ती बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं, आणि तेही कुठल्या परिस्थितीत लागू होतं हे प्रत्येक कंपनी आपापल्या शब्दांत लिहिते.

"माझा फुल इन्शुरन्स आहे," तरुण म्हणाला. एजंटनं त्याला तसंच सांगितलं होतं. फुल म्हणजे काय? थर्ड पार्टी, स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि वर झिरो डेप. झिरो डेप नसता तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी रक्कम कापली गेली असती, आणि चौथ्या वर्षातल्या गाडीच्या पत्र्यावर २५ टक्के. ते सगळं आता वाचणार होतं. ट्रॅक्टरच्या दोरानं फाटलेला बंपर नवा मिळणार होता. ज्या इंजिनासाठी आम्ही तिथं उभे होतो, ते मात्र फुलमध्ये नव्हतं.

मग टोचनचा विषय निघाला. "गाडी गॅरेजपर्यंत न्यायला पॉलिसीत किती मिळतात?" मी विचारलं. सर्व्हेअर म्हणाले, "दीड हजार."

मला वाटलं, किलोमीटरमागं काही हिशोब असेल. नाही. खासगी गाडीच्या साध्या पॉलिसीत एका अपघाताला टोचनसाठी जास्तीत जास्त दीड हजार, मग ती डेक्कनवर बंद पडो की जीवधनखाली. जुन्नरहून बोलावलेल्या क्रेनवाल्याला मी तो आकडा सांगितला. त्यानं गाडीखाली वाकून हुक अडकवता अडकवताच विचारलं, "दीड हजारात कुठवर न्यायची? आपटाळ्यापर्यंत?" रोडसाइड असिस्टन्स वेगळा घेता येतो, पण त्यालाही अंतराची मर्यादा असते. त्यातून ती सगळ्यात जवळच्या गॅरेजपर्यंत की कंपनीच्या नेटवर्कमधल्या गॅरेजपर्यंत, हा प्रश्न उरतोच. याच्या पॉलिसीचं सगळ्यात जवळचं कॅशलेस गॅरेज चाकणला होतं.

गंमत अशी की पुण्याच्या माणसानं जास्तीचे पैसे आधीच मोजलेले असतात. विम्याच्या जुन्या दरपत्रकात खासगी गाड्यांसाठी मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे ही आठ शहरं 'अ' विभागात, उरलेला देश 'ब' विभागात. शहरात धडका जास्त म्हणून दर जास्त. २००७पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर कंपन्यांवर सोडले, तरी ही वाटणी बरीचशी टिकून आहे. म्हणजे हप्ता कर्वे रोडच्या गर्दीचा भरायचा आणि अडकायचं घाटघरच्या ओढ्यात. थर्ड पार्टीचं बोलायचं तर कंपन्यांची तुलनाच व्यर्थ, कारण तो दर सरकार ठरवतं. १ जून २०२२पासून १००० ते १५०० सीसीच्या गाडीला सगळीकडं ३,४१६ रुपये. तरीही कोटेशन पाठवणारे तो आकडा आपणच स्वस्त करून दिल्यासारखा रंगवतात.

क्रेनवाला साखळ्या आवळेपर्यंत आम्ही घाटाच्या तोंडाशी जाऊन आलो. तिथं तो दगडी रांजण आहे, ज्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, हत्ती, नाणी यांचे आकडेच्या आकडे त्यात कोरलेले आहेत. जकात म्हणजे विमा नव्हे, हे कबूल. पण त्या व्यापाऱ्यांना निदान तीन कोटेशनं समोर ठेवून बसावं लागत नसणार.

परत येताना मी सर्व्हेअरांना क्लेम सेटलमेंटच्या टक्केवारीबद्दल छेडलं. जाहिरातींत तीच पुढं असते, नव्वदच्या वर. ते जरा थांबले. मग म्हणाले, "या गाडीचा क्लेम पास होणार बघा. बंपर, वायरिंग, कार्पेट, दीड हजार टोचन. इंजिनाचे नाही मिळणार. पण कंपनीच्या खात्यात क्लेम पास." टक्केवारीत क्लेमची संख्या मोजतात, त्यातून मालकाच्या खिशातून किती गेलं ते कळत नाही. गॅरेजवाल्यानं फोनवरच्या वर्णनावरून इंजिनाचा खर्च लाखाच्या घरात सांगितला होता.

त्यांची फी कंपनीच देते, हे मी विसरले नव्हते. परवाना विमा नियामक इर्डाचा, पैसे कंपनीचे. अशा माणसाला निःपक्षपाती म्हणायला माझी जीभ जरा अडखळते. पण त्या दिवशी खरं बोलणारा तोच एक होता. एजंटनं 'फुल' म्हटलं होतं, ॲपवर पाच तारे होते. सर्व्हेअरांनी तरुणाला सांगितलं, की अहवालाची प्रत मागून घ्या, पटलं नाही तर आधी कंपनीला लेखी कळवा, आणि तिथं दाद लागली नाही तर पुण्यात विमा लोकपाल आहे, वकील लागत नाही, फीही नाही. "पण सेल मारला हे तुम्हीच सांगितलंय," हेही वर जोडलं. तरुण काही बोलला नाही. खोटं सांगितलं असतं तर? "इंजिन उघडल्यावर रॉड सांगतोच," सर्व्हेअर म्हणाले.

पुण्यात आल्यावर मी तिन्ही कंपन्यांना तेच तीन प्रश्न लिहून पाठवले: इंजिन प्रोटेक्शनमध्ये सेल मारल्याचं नुकसान बसतं का, टोचन किती किलोमीटर, आणि नारायणगावात कॅशलेस गॅरेज आहे का. स्वस्त कंपनीनं उत्तरादाखल कोटेशन पुन्हा पाठवलं, या वेळी आणखी शंभर रुपये कमी करून. दुसरीनं ॲप उतरवून घ्यायला सांगितलं. तिसरीकडून एका बाईंचा फोन आला. त्यांनी विचारलं, घाटघर म्हणजे नेमकं कुठं? जुन्नरच्या पुढं, रेंज नसते तिथं, असं मी म्हणाले. मग त्यांनी कलम वाचून दाखवलं, दोनदा. नारायणगावात त्यांचं गॅरेज नव्हतं, तेही सरळ सांगितलं. हजारेक रुपये जास्त पडले, पण पॉलिसी तिथंच घेतली.