दोन भाषांचा सांधा

मराठी घरातले मूल इंदूरसारख्या शहरी प्रथमच हिंदी शाळेत येते, तेव्हा कधी कधी मोठी गंमत होते. गुरुजी कौतुकाने म्हणतात, "यहाँ तुम्हें अच्छी शिक्षा मिलेगी," आणि मूल रडकुंडीला येते! गुरुजींच्या हिंदीत चूक नाही, मुलाच्या मराठीतही नाही. चूक आहे ती दोहोंच्या सांध्यात. आम्ही भाषेचे शिक्षक. संगणकाशी आमचा परिचय उशिराचा. परंतु दोन भाषांत लिहिलेल्या आज्ञावल्यांविषयी वाचू लागलो, तेव्हा हाच प्रसंग आम्हांस पुन्हा भेटला.

संगणकाच्या भाषांत फोर्ट्रान ही वडीलधारी. जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आयबीएममध्ये १९५७ साली सिद्ध केली. मोठ्या आकडेमोडीत तिचा वेग आजही वाखाणला जातो. ग्विडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली लोकांपुढे आणलेली पायथन लिहावयास सोपी, पण अशा आकडेमोडीत मंद. म्हणून शहाणे लोक दोघींना एकत्र नांदवितात. समीकरणे सोडविणारा 'लापॅक' हा फोर्ट्रानमधील संच १९९२ साली प्रसिद्ध झाला. पायथनचा 'सायपाय' हा संग्रह त्याचाच आधार घेतो.

ही जोडणी होते कशी? 'एफटूपाय' नावाचे साधन फोर्ट्रानमधील आज्ञावली काय घेते व काय परत देते हे वाचून, मध्ये सी भाषेतला एक दुभाषा लिहून ठेवते. कंपायलर ते सारे यंत्राच्या आज्ञांत उतरवितो.

पण दुभाषा आला तरी दोन घरांच्या चालीरीती निराळ्याच राहतात. पायथन शून्यापासून मोजते, फोर्ट्रान सहसा एकापासून. वरच्या ओळीत १, २, ३ व खालच्या ओळीत ४, ५, ६ असे कोष्टक घ्या. सी भाषा ते स्मृतीत १, २, ३, ४, ५, ६ असे आडवे मांडते. फोर्ट्रान १, ४, २, ५, ३, ६ असे उभे. जोडणाराने हे भान ठेवले नाही, तर संगणक अडत नाही. निमूटपणे चुकीचे उत्तर देतो. ते उत्तर पुलाचा भार मोजणाऱ्या अभियंत्याच्या हाती पडले तर?

म्हणून दोन्ही भाग वेगवेगळे तपासून भागत नाही. सांध्याची परीक्षा निराळी घ्यावी लागते. तिथेही प्रश्नपत्रिका काढणाराचे कसब लागते. वर १, ५ आणि खाली ५, ३ असे कोष्टक दिले, तर ते उभे वाचा की आडवे, सारखेच. चूक लपून राहते. कोष्टक असमान बाजूंचे, अंक सारे निरनिराळे, आणि उत्तर आधी हाताने काढलेले हवे. शिवाय तोच प्रश्न एकदा नुसत्या फोर्ट्रानला व एकदा पायथनमार्फत विचारून दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत.

वाचकहो, आपण पिढ्यान्‌पिढ्या अशाच सांध्यावर नांदतो आहोत. नातवाला दोन्ही भाषा येतात की नाही हे पाहताना आपण त्याला 'पाणी' विचारतो आणि समाधान पावतो. तो शब्द दोन्हीकडे जवळजवळ एकच! विचारायचाच तर 'शिक्षा' विचारावा.