नर्गिस नंतर, आधी तळाची ओळ

जुनं ‘मदर इंडिया’चं पोस्टर समोर आलं की नजर आधी नर्गिसच्या चेहऱ्यावर जाते. मुरलेला संग्राहक मात्र आधी वाकतो आणि तळाशी बारीक टायपात छापलेला छापखान्याचा पत्ता वाचतो. पत्त्यात नुसतं ‘बॉम्बे ४’ असेल तर आशेला जागा आहे. ‘४०० ००४’ असेल तर ते पोस्टर १९५७ चं नाहीच. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. म्हणजे हे नंतर कधीतरी सिनेमा पुन्हा लागला तेव्हाचं.

पहिल्या खेपेची पोस्टरं उरली कमी, कारण ती उरावीत असं कुणाला वाटलंच नव्हतं. खळ लावून भिंतीवर चिकटवायची, पुढच्या शुक्रवारी त्यावरच दुसरं. वितरकाकडे शिल्लक राहिली ती गेली रद्दीत. सिनेमा पुन्हा लागायचा तेव्हा नवी छापावी लागत, तीही बहुधा स्वस्तात, कधी चित्रच बदलून.

पण जुना पत्ता दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. अस्सल पोस्टरचा फोटो काढून आज नक्कल छापली, तर ‘बॉम्बे ४’ही तसंच उमटतं. इथे भिंग लागतं. जुन्या शिळाछापाच्या (लिथोच्या) पोस्टरवर नर्गिसच्या गालावर खडूने रंगवल्यासारखा वेडावाकडा कण दिसेल. ऑफसेटवर छापलेल्या नकलेत रंगीत ठिपक्यांची शिस्तशीर नक्षी. अर्थात पुढे ऑफसेटच रूढ झालं, त्यामुळे ‘शोले’च्या पोस्टरला ही कसोटी लावून काही हाती लागायचं नाही.

पुन्हा लागलेल्या सिनेमाचं पोस्टर आणि नक्कल यांना एकाच पारड्यात टाकणं मला पटत नाही. पहिलं खरोखर कुठल्या तरी थिएटरबाहेर लावायला छापलेलं असतं, दुसरं दिवाणखान्यासाठी. २००४ साली रंगीत होऊन आलेल्या ‘मुघल-ए-आझम’चं पोस्टर १९६० चं नाही, पण खोटंही नाही. गोची होते ती विक्रेता दोन्हींना ‘ओरिजिनल’ म्हणतो तेव्हा. म्हणून ‘ओरिजिनल आहे का?’ असं विचारू नये, ‘कुठल्या साली छापलेलं?’ असं विचारावं.

आणि फ्रेम उघडायला सांगावी. पोस्टरं घड्या घालूनच गावोगाव जायची. घड्यांच्या रेषांवर रंग उडतो, कोपऱ्यांत टाचणीची भोकं असतात, पाठ पिवळी पडते. पाठ पांढरीशुभ्र निघाली, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.