घाटघरचे कालवण आणि पाचवी चव

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम सीमेवर, नाणेघाट आणि जीवधन किल्ल्याच्या सान्निध्यात घाटघर हे गाव वसले आहे. हा मुसळधार पावसाचा प्रदेश. महादेव कोळी समाजाची येथे वस्ती असून भात, नाचणी व वरई ही या डोंगरपट्ट्यातील पिके होत. सातवाहनकाळी जुन्नरला कोकणाशी जोडणारा व्यापारी मार्ग याच घाटाने जात असे. सह्याद्रीच्या माथ्यावरील अशा गावांत पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकट व सुके बोंबील साठविण्याची रीत आहे. मूठभर सुकटीने पातेलेभर कालवणाला चव येते, हा गृहिणींचा नित्याचा अनुभव. या अनुभवामागे रसायनशास्त्र आहे.

षड्रसांपलीकडे

मधुर, आम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय असे सहा रस आपल्या परंपरेने मानले. आधुनिक शरीरशास्त्र मात्र दीर्घकाळ गोड, आंबट, खारट व कडू या चारच चवी मानीत आले. मिरचीचा तिखटपणा ही त्याच्या दृष्टीने चव नसून दाहाची संवेदना आहे. परंतु मटणाच्या रश्श्याची किंवा सुकटीच्या कालवणाची चव या चारांत बसत नाही. तिला मराठीत नेमका शब्दही नाही. ‘खमंग’ म्हणताना वास अभिप्रेत असतो, ‘झणझणीत’ म्हणताना जळजळ.

१९०८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्रशेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामिक आम्ल वेगळे केले आणि त्याच्या चवीला ‘उमामी’, म्हणजे रुचकरपणा, असे नाव दिले. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांना सुक्या माशात इनोसिनेट हे दुसरे द्रव्य आढळले. पुढे १९५७ च्या सुमारास अकिरा कुनिनाका यांनी अळंबीतील ग्वानिलेटचे महत्त्व दाखविले. ग्लुटामेटशी यांपैकी एखाद्या द्रव्याची जोड मिळाली की चव कित्येक पटींनी वाढते, हेही त्यांनी सिद्ध केले. २००२ मध्ये ही चव ओळखणारी जिभेवरील ग्राही प्रथिने निश्चित झाली आणि पाचव्या चवीला शास्त्रमान्यता मिळाली.

चव कशी मोकळी होते?

ग्लुटामिक आम्ल हा प्रथिनांचा एक घटक आहे. तथापि, प्रथिनात बांधलेले असताना जिभेला ते जाणवत नाही. ते मोकळे व्हावे लागते. फळ पिकताना, कडधान्याला मोड येताना, पदार्थ आंबताना किंवा मुरताना प्रथिनांचे विघटन होते आणि हे आम्ल सुटे होते. म्हणूनच कच्च्या टोमॅटोपेक्षा पिकलेला टोमॅटो आमटीला अधिक रुची आणतो. मातेच्या दुधातही मोकळे ग्लुटामेट विपुल असते. सहाजिकच बालकाला या चवीचा परिचय जन्मापासूनच होतो.

चव आणि पोषण

अन्नात प्रथिने आहेत, अशी सूचना ही चव देते. मात्र सूचना म्हणजे प्रथिने नव्हेत. मोनोसोडियम ग्लुटामेटची चिमूट पातळ रश्श्यालाही तीच चव आणते. नेहमीच्या प्रमाणात ते सुरक्षित मानले जाते. पण त्याने मुलाचे पोषण होत नाही. तयार मसाल्याच्या पुडीने रुचकर झालेले पाणी आणि मोड आलेल्या हुलग्यांची उसळ जिभेला सारखी भासली, तरी शरीराला सारखी नाही. त्याचप्रमाणे रानातली अळंबी रुचकर लागली म्हणून ती निर्विष ठरत नाही. जाणकाराने ओळखल्याविना ती खाऊ नये.

या चवीचा आणखी एक उपयोग आहे. ती असली की कमी मिठातही अन्न बेचव लागत नाही. प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. अर्थात, खारवलेली मासळी वापरताना वरचे मीठ त्या मानाने घटविणे आवश्यक आहे.

शाळेतील पोषण आहारावर देखरेख करणारे शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी या दृष्टीने विचार करावा. मोड आलेले कडधान्य आणि पिकलेला टोमॅटो यांसाठी फार मोठा खर्च येत नाही. मुलाने ताटातील अन्न आवडीने संपविले आणि त्यातून त्याला प्रथिनेही मिळाली, तरच त्या भोजनाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.