जेड गुडीने टाळलेली तपासणी

संध्याकाळी सहाला आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात बायका जमतात. कुणाच्या तरी मुलीचा मोबाईल खिडकीत उभा करतात, झुंबाचा व्हिडिओ लागतो आणि पाऊण तास पंधरा-वीस जणी पदर खोचून नाचतात. आम्हीही नाचतो. घाम येतो, हसू येते, घरचा अर्धा ताण तिथेच उतरतो. साखर आणि रक्तदाब असणाऱ्यांना तर याचा फायदाच आहे.

पण गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी नावे लिहायला आम्ही वही काढली, तेव्हा पहिलेच उत्तर आले, "सिस्टर, आम्ही रोज एवढ्या नाचतो, आम्हाला काय झालंय?" मग त्या दिवशी नाच बाजूला राहिला आणि आम्ही त्यांना जेड गुडीची गोष्ट सांगितली.

जेड लंडनच्या बर्मंडसी भागातली. जन्म १९८१ चा. गोदीकामगारांची, कष्टकऱ्यांची ही जुनी वस्ती. वडील हेरॉइनच्या नशेत गेलेले, पुढे २००५ मध्ये त्यातच मेले. आईचा एक हात मोटरसायकलच्या अपघातात निकामी झालेला. पोर लहानपणापासून घर सांभाळत वाढली. मोठी झाल्यावर दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस नर्स म्हणून कामाला लागली. म्हणजे आमच्याच धंद्यातली म्हणायची.

२००२ मध्ये ती 'बिग ब्रदर'च्या घरात गेली. आपल्याकडे 'बिग बॉस' येतो, त्याच जातीचा हा इंग्रजी कार्यक्रम. तिथे तिचा चौथा नंबर आला, पण नाव सगळ्यात जास्त तिचेच झाले. साधा भूगोल येत नाही म्हणून लोक हसले. जाड आहे म्हणून वर्तमानपत्रांनी तिला डुक्कर म्हटले. शिकायला न मिळालेल्या गरीब पोरीला हसणे सोपे असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. जेडने त्या हसण्याचाच रोजगार केला. एकामागून एक रिॲलिटी शो केले, ब्यूटी पार्लर काढले तर त्याचीही मालिका झाली, स्वतःच्या नावाचे अत्तर आले, आत्मचरित्र आले. आणि व्यायामाच्या, नाचाच्या डीव्हीडी आल्या. विलायतेत नवीन वर्ष लागले की वजन उतरवायच्या डीव्हीडींचा बाजार भरतो. त्यात टीव्हीवरची जाड मुलगी बारीक होऊन नाचून दाखवते, याला मोठे गिऱ्हाईक असते. ज्या अंगाला लोक हसले, तेच अंग कमावून तिने विकले.

२००७ च्या जानेवारीत ती पुन्हा त्या घरात गेली. या वेळी आत आपली शिल्पा शेट्टी होती. जेड आणि तिच्या मैत्रिणींनी शिल्पाला जेवणावरून, बोलण्यावरून छळले. आडनावाच्या जागी 'पापडम' म्हटले. तिकडच्या सरकारी नियंत्रकाकडे ४४ हजारांहून जास्त तक्रारी गेल्या, पाटण्यात पुतळे जळाले. जेडच्या वडिलांकडून तिच्या अंगात वेस्ट इंडीजचे रक्त होते, तरी तिने हे केले. ज्याला तुडवले तो दुसऱ्याला तुडवणार नाही, असे काही नसते. शिल्पा जिंकली. जेडचे अत्तर दुकानांतून उतरवले गेले. तिने रडून माफी मागितली.

आणि मग २००८ चा ऑगस्ट. 'बिग बॉस'च्या दुसऱ्या पर्वात, आपल्या लोणावळ्याच्या घरात, जेड पाहुणी म्हणून आली. सूत्रसंचालक होती शिल्पा. पोटाच्या तक्रारी चालू होत्या, निघण्याआधी लंडनला तपासण्या झाल्या होत्या. घरात येऊन दोन दिवसही झाले नव्हते, कॅमेरे चालू होते, आणि लंडनहून निरोप आला : गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. वय २७. घरी दोन लहान मुलगे. ती तशीच विमानाने परत गेली.

आम्हाला या गोष्टीत सगळ्यात जास्त टोचते ते पुढचे. इंग्लंडमध्ये ठरावीक वयाच्या प्रत्येक बाईला तपासणीला या म्हणून घरी पत्र येते. पैसे लागत नाहीत. जेडच्या तपासणीत आधी दोष सापडलेला होता, त्यावर उपचारही झाले होते. पुन्हा बोलावणारे पत्र आले तेव्हा भीतीपोटी आपण गेलो नाही, असे तिने नंतर सांगितले. लाखो लोकांसमोर चोवीस तास राहिलेली बाई. तिला कॅमेऱ्याची भीती नव्हती, दवाखान्यातल्या त्या टेबलाची होती.

२००९ च्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी आता उपाय नाही म्हणून सांगितले. कॅन्सर यकृतापर्यंत गेला होता. तिने लग्न केले आणि त्याचे फोटो, चित्रण विकले. सुमारे सात लाख पौंड मिळाल्याच्या बातम्या होत्या. मरणही विकते म्हणून लोक बोलले. ती म्हणत होती, पोरांच्या शिक्षणासाठी. आम्हाला तर यात चूक दिसत नाही. २२ मार्च २००९ ला ती गेली. तिकडे त्या दिवशी मातृदिन होता.

तिच्या आजाराच्या बातम्या चालू होत्या त्या काळात इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा जवळजवळ पाच लाख जास्त बायका तपासणीला गेल्या. पुढे त्या रांगा ओसरल्याही. घाबरून गेलेली गर्दी फार दिवस टिकत नाही.

आता आपल्याकडचे ऐका. जेड गेली त्यानंतर अकरा दिवसांनी, २ एप्रिल २००९ ला, अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय मासिकात आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या धाराशिवचा, अभ्यास छापून आला. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी खेड्यापाड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बायकांवर आठ वर्षे लक्ष ठेवले होते. ज्यांची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्यांच्यात या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी-बारावी शिकलेल्या, वस्तीत काम करणाऱ्या बायकांना शिकवून त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी साधी तपासणी करवली. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

या अभ्यासांत निम्म्या किंवा काही बायकांना तुलनेसाठी तपासणीविना ठेवले गेले, त्यावर पुढे टीका झाली. ती टीका आम्हाला पटते. तुलनेसाठी बिनतपासणीच्या बायका नेहमी गरिबाच्याच घरच्या सापडतात. पण मग त्यांच्या जिवावर जे ज्ञान मिळाले, ते तरी आपल्या दारात यायला नको का? देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो, पाऊण लाखावर मरतात. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती. आपल्या घरी पत्र येत नाही. आपणच जाऊन मागायचे आहे.

तर तपासणी म्हणजे काय? टेबलावर झोपायचे, आत एक छोटे उपकरण घालून गर्भाशयाचे तोंड बघतात, त्यावर पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात. चायनीजच्या गाडीवर व्हिनेगर असते, त्याच जातीचे. मिनिटभराने पांढरा डाग उठला तर पुढे बघायचे. थोडी आग होते, पाच मिनिटांत काम होते. सरकारी नियमाने ३० वर्षांपुढच्या बाईची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. पाळी बंद झालेल्यांना यात नीट दिसत नाही, त्यांनी एचपीव्ही किंवा पॅप तपासणीबद्दल विचारावे.

"डाग आला तर पिशवी काढतील ना?" हा प्रश्न हॉलमध्ये तीन जणींनी विचारला. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, हे वाचलेल्या बाईला ही भीती वाटणारच. पण डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. बिघडू लागलेल्या पेशी असतील तर तेवढाच भाग गोठवून किंवा शेकून नष्ट करतात आणि बाई त्याच दिवशी घरी येते. बिघाड होऊन कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. तेवढा वेळ आपल्या हातात असतो. त्या डागावरून कुणी लगेच पिशवी काढायचे बोलले, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय सही करू नका.

संबंधानंतर रक्त येणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, घाण वासाचे पाणी जाणे, असे असेल तर शिबिराची वाट बघू नका, थेट स्त्रीरोग विभागात जा. नुसते पांढरे जाणे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचे असते, तेही दाखवावे. मुलींसाठी लस आहे. नऊ ते चौदा वयात दोन डोस पुरतात. पुण्यात बनलेली लसही २०२३ पासून मिळते.

एक शेवटची कुजबुज राहिली. एचपीव्हीचा विषाणू संबंधातून येतो म्हटल्यावर एक जण हळूच म्हणाली, "मग घरी काय सांगू? वाईट चालीची म्हणतील." ताई, हा विषाणू एकाच नवऱ्याबरोबर संसार केलेल्या बाईलाही होतो, आणि तो कुठून येतो हे नवऱ्यालाही विचारता येते. बहुतेकींच्या अंगातून तो दोन वर्षांत आपोआप निघून जातो. ज्यांच्यात राहतो, त्यांना शोधण्यासाठीच ही तपासणी आहे.

वहीत सध्या अकरा नावे आहेत. येत्या गुरुवारी सकाळी साडेनऊला समाजमंदिरापासून आम्ही सगळ्या मिळून सरकारी दवाखान्यात निघणार आहोत. आदल्या दिवशी संबंध नको, आत काही औषध घातलेले नको. पाळी चालू असेल तिने पुढच्या गुरुवारी यावे. संध्याकाळी सहाला नाच आहेच.