आधी भिंत मोजावी, मग टीव्ही

मोजक्या पैशांत टीव्ही घेऊ पाहणाऱ्या कुटुंबापुढे दुकानात जी माहिती मांडली जाते, ती जवळजवळ सगळी पडद्याबद्दलची असते. तो पडदा ज्या खोलीत लागणार, ज्या भिंतीवर टांगला जाणार आणि जितक्या अंतरावरून पाहिला जाणार, त्यांची मापे मात्र बहुधा घरीच राहिलेली असतात. हात आखडता असताना खर्चाचा क्रम याच मापांनी ठरवावा लागतो, कारण डोळ्याला दिसणारच नाही अशा सुबकतेवर घातलेले दोन-तीन हजार रुपये पुढे भिंतीवरचा स्टँड, वीजजोडणी किंवा ऐकू येण्याजोगा आवाज यांच्या वेळी कमी पडतात.

टीव्हीचे माप पडद्याच्या कर्णाने, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत, सांगितले जाते. ३२ इंची पडदा प्रत्यक्षात सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असतो, तर ४३ इंची पडद्याची रुंदी सुमारे ९५ आणि उंची साडेत्रेपन्न सेंटिमीटर भरते. कर्णात अकराच इंचांची भर पडली तरी क्षेत्रफळ ८० टक्क्यांनी वाढते, ही गोष्ट आकड्यांवरून चटकन ध्यानात येत नाही. ३२ इंच हे माप गरिबाचा टीव्ही म्हणून रूढ होण्यात कराचाही हात होता. जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या टीव्हीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर १८ टक्केच लागतो, त्यामुळे ‘आपल्याला बत्तीसच परवडतो’ हा जुना हिशेब एकदा नव्याने मांडून पाहण्यासारखा आहे.

पडद्यावरचे चित्र ज्या सूक्ष्म ठिपक्यांनी बनते त्यांना पिक्सेल म्हणतात, आणि विक्रेत्याच्या तोंडी असलेले एचडी रेडी, फुल एचडी व फोर-के हे शब्द त्या ठिपक्यांची संख्या सांगतात: पहिल्यात सुमारे साडेदहा लाख, दुसऱ्यात पावणेएकवीस लाख, तिसऱ्यात ८३ लाख. हे ठिपके वेगवेगळे दिसण्याला डोळ्याची मर्यादा आहे. निकोप नजरेला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनापर्यंतचाच तपशील वेगळा ओळखता येतो, आणि याच नियमाने हिशेब केला असता असे दिसते की ३२ इंची एचडी रेडी पडद्यावरचे ठिपके सुमारे सहा फुटांपलीकडून एकमेकांत मिसळून जातात, तर ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचे सुमारे साडेपाच फुटांपलीकडून. दहा बाय दहाच्या बैठकीच्या खोलीत दिवाण किंवा सोफा समोरच्या भिंतीला टेकवला की बसणाऱ्याचे डोळे पडद्यापासून सात-आठ फुटांवर येतात. तेव्हा अशा खोलीत ३२ इंची टीव्हीसाठी एचडी रेडीऐवजी फुल एचडीचा, किंवा ४३ इंचीसाठी फुल एचडीऐवजी फोर-केचा आग्रह धरून जास्तीचे पैसे मोजण्यात फारसा अर्थ राहत नाही. त्याच पैशांत मोठा पडदा मिळत असेल तर तोच घ्यावा. टीव्हीला संगणक जोडून दोन-तीन फुटांवरून वाचन करायचे असेल तर मात्र हा हिशेब उलटतो.

चित्र कोठून येते, हेही तितकेच महत्त्वाचे. दूरदर्शनच्या मासिक शुल्क नसलेल्या डीडी फ्री डिशवरील बहुतेक वाहिन्या जुन्या, म्हणजे एसडी दर्जाच्या असतात आणि त्यांच्या चित्रात जास्तीत जास्त चार लाखांच्या आसपास ठिपके असतात. फोर-के पडदा ते चित्र ताणून ८३ लाख ठिपक्यांवर पसरवतो, आणि हे ताणण्याचे काम करणारा स्वस्त टीव्हीतला प्रोसेसर बेताचाच असल्याने चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसू लागतात. ज्या घरात सह्याद्री वाहिनी आणि मालिकाच पाहिल्या जातात, तेथे फोर-केची महती ऐकवणारा विक्रेता गिऱ्हाइकाचे भले करत नसतो.

पडद्याच्या जातीविषयीही असाच गोंधळ आहे. एलईडी टीव्ही म्हणून विकला जाणारा टीव्ही मुळात एलसीडीच असतो. एलईडी हे त्यामागे लावलेल्या दिव्यांचे नाव आहे, आणि क्यूएलईडी हाही दिव्याच्या उजेडातील रंग अधिक शुद्ध करणारा थर घातलेला एलसीडीच होय. खरा भेद पॅनेलच्या प्रकारात असतो: व्हीए पॅनेलवर काळा रंग गडद उमटतो पण बाजूने पाहिल्यास चित्र फिके पडते, तर आयपीएस पॅनेल कडेला बसलेल्यालाही तेच रंग दाखवते, मात्र अंधारातील दृश्ये करडी करते. खोक्यावर हा प्रकार सहसा छापलेला नसतो, म्हणून दुकानात टीव्हीच्या अगदी कडेला जाऊन आणि थोडे खाली वाकून चित्र पाहावे, आणि त्याआधी भडक रंगांचा दुकानी मोड बंद करून घरगुती मोड लावायला सांगावे. एचडीआर या अक्षरांनी भुलू नये. लख्ख उजेड आणि गडद सावली एकाच चित्रात दाखवण्याची ही पद्धत असली तरी स्वस्त पडद्यांचा उजेड त्यासाठी अपुरा असल्याने तेथे एचडीआरचा संदेश वाचला जातो, परिणाम दिसत नाही.

भिंतीचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वांत जास्त नडतो. पक्क्या विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत भोक पाडून प्लास्टिकचे रावल प्लग बसवले की चार-पाच किलोंचा ३२ इंची टीव्ही निर्धास्त राहतो. पण नव्या इमारतींतील हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या, म्हणजे बोलीत ज्यांना सिपोरेक्स म्हणतात त्यांच्या, भिंतीत साधा प्लग सैल पडतो आणि त्यासाठी वेगळे, लांब प्लग लागतात. जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनवर टीव्ही टांगायचा असल्यास आतल्या चौकटीचाच आधार घ्यावा लागतो. कोकणात आणि मुंबईत पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीला ओल येते, म्हणून शक्यतो आतली भिंतच निवडावी. टीव्हीच्या पाठीवरील चार भोकांच्या अंतराला व्हेसा माप म्हणतात; ते मिलिमीटरमध्ये, उदाहरणार्थ २०० बाय २००, असे सांगतात, आणि स्टँड वेगळा घ्यायचा झाल्यास ते जुळलेच पाहिजे.

उंचीच्या बाबतीत मराठी घरांत एक चूक सर्रास होते: मुलांचा हात पोचू नये म्हणून टीव्ही दाराच्या चौकटीइतका वर नेला जातो आणि मग सगळे घर मान वर करून बसते. खुर्चीवर बसलेल्याची नजर जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर आणि सतरंजीवर बसलेल्याची अडीच फुटांवर असते. पडद्याचा मध्य त्याच पट्ट्यात राहावा हे उत्तम, आणि ते जमत नसेल तर पडदा पुढे झुकवता येणारा स्टँड घ्यावा, विशेषतः पॅनेल व्हीए असेल तर.

स्मार्ट सोयींवर फार विसंबू नये. एक जीबी मेमरीचा टीव्ही दोन-तीन वर्षांत रेंगाळू लागतो, पण वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावून ते काम पुढे चालवता येते. फिके पॅनेल मात्र असे बदलता येत नाही. सेट-टॉप बॉक्स, स्टिक आणि साउंडबार यांसाठी एचडीएमआयची तीन तोंडे असावीत. पातळ टीव्हीतील स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून असतात, त्यामुळे पंखा लावलेल्या खोलीत संवाद पुसट होतात, हे गृहीत धरूनच थोडे पैसे बाजूला ठेवावेत.

विजेची चिंता फारशी नाही: ५० वॉटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर वर्षाला सुमारे ९० युनिट जळतात. खरी चिंता दुरुस्तीची असते, कारण फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही आणि तो बदलण्याचा खर्च कित्येकदा नव्या टीव्हीच्या घरात जातो. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी कंपनीचे सेवा केंद्र आहे का, स्टँड खोक्यात येतो की बसवणारा त्याचे वेगळे पैसे घेतो, हे पैसे देण्याआधीच विचारावे आणि पक्के बिल घ्यावे. ते हाती असेल तर तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.